बागूल सिस्टर आणि आमची झोप

बागूल सिस्टर सकाळी वॉर्डात आल्या की थर्मामीटर काढायच्या आधी झोपेची चौकशी करायच्या. मला साध्या मराठीत, मालेगावच्या रफीकभाईंना हिंदीत, आणि कोणी त्यांच्या सटाण्याकडचा असला तर अहिराणीत, "झोप उनी का, भाऊ?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शाळामास्तर, इंदिरानगरात राहणारा, दारू सोडवण्यासाठी नाशिकच्या एका दवाखान्यात दाखल झालो होतो.

डॉक्टरांच्या छापील फॉर्मवर एक प्रश्न होता : रात्री किती तास झोप लागते? रफीकभाई म्हणाले, "बिलकुल नहीं." सुरगाण्याच्या डोंगरातून आलेले सोमाकाका म्हणाले, "बरी लागते." सिस्टरांना दोन्ही उत्तरं पटली नाहीत. रफीकभाईंची हयात यंत्रमागाच्या रातपाळीत गेलेली. त्यांना दिवसा आणि आवाजातच झोपायची सवय. सिस्टरांनी त्यांची खाट स्वयंपाकघराच्या भिंतीला लावली आणि दुपारी कोणी उठवू नये असं बजावलं. सोमाकाकांच्या चादरीला मात्र सकाळी एक सुरकुतीही नसायची. उंच खाटेची त्यांना भीती वाटत होती, पण सांगायला लाजत होते. सिस्टरांनी गादी जमिनीवर टाकली. तिसऱ्या दिवशी काका हसून म्हणाले, "आता नीज येते, बाई."

"दारू सगळ्यांची झोप मोडते, डॉक्टर," त्या म्हणाल्या, "पण हा कागद दहाला दिवा बंद करणाऱ्यांचा आहे." डॉक्टर आधी चिडले. मग फॉर्मवर त्यांनी हातानं लिहिलं : पूर्वी कुठे, कधी झोपत होता?

माझी दहाला दिवा बंद करायची सवय, तरी मला झोप नव्हती. तिसऱ्या आठवड्यात मी पिशवी भरली. "दोन पेग घेतले की झोपतो तरी. मला सोडा."

सिस्टर माझ्या खाटेवर बसल्या. "आमच्या मालकांनी सोडली होती, मास्तर. महिनाभर डोळ्याला डोळा नाही. घरात येरझाऱ्या घालायचे. मला बघवेना. मीच ग्लास भरून दिला. म्हटलं, निदान झोपतील. त्यानंतर सुटलीच नाही. दोन वर्षांत गेले. सोडल्यावर झोपेला महिने लागतात, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून तुम्हाला सांगते."

मी पिशवी रिकामी केली.

चौथ्या महिन्यात, घरी, मी सलग सहा तास झोपलो. सांगायला धावत वॉर्डात गेलो, तर त्या म्हणाल्या, "छान. आता त्या नव्या माणसापाशी बसा, तो पिशवी भरून निघालाय." मी बसलो. पुढे कित्येक वर्षं रविवारी बसत राहिलो.

निवृत्तीनंतर सटाण्याला त्या वारल्या तेव्हा मी आणि बायको गेलो. त्यांच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही आईचे कोण?" बायको पुढे झाली. म्हणाली, "ताई, माझा संसार तुमच्या आईनं परत दिलाय."