उजव्या खांबाचं मुसकं

मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातला पहिला. भुताखेताचं कुणी काही सांगू लागला की मी त्याला तोंडावर खोटं पाडायचो. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली...

मी कुरुंद्याचा. नव्वदच्या दशकात हवाई दलात होतो. घरी सांगितलं होतं, विमानाच्या ऑफिसात आहे. खरं काम वेगळं — रनवेच्या टोकाला दोन खांबांमध्ये नायलॉनचं मोठं जाळं असतं, ते उभं करायचं. लढाऊ विमान फार वेगात उतरतं. ब्रेक गेले, वेग तोडणारी मागची पॅराशूटची छत्री उघडली नाही, तर रनवे कितीही लांब असो, कमीच पडतो. मग ते जाळंच विमानाला अडवतं. पदवी घेऊन जाळं सांभाळतो, हे बापूंना, म्हणजे वडिलांना, सांगायची लाज वाटायची. मळणीच्या बैलाच्या तोंडाला दोरीची जाळी बांधतात तसं दिसायचं ते, म्हणून मनातल्या मनात मी त्याला ‘मुसकं’ म्हणायचो. बोललो कुणाजवळच नव्हतो.

सुट्टीवर आलो होतो. भर दुपार. बापू अंगणात वाळत घातलेली हळद हलवत होते. हात थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाले,

"मुसकं खाली पडलंय."

मी गोठ्यात जाऊन आलो. दोन्ही मुसकी खुंटीला होती. तसं सांगितलं.

"बैलाचं न्हाई. तुझं. उजव्या खांबाचं."

खांब त्यांना कुणी सांगितला? मी समोर जाऊन उभा राहिलो. डोळे उघडे, पण नजर माझ्यावर नव्हती.

"जा की लेकरा. येऊन राहिलं ते."

सायकलवर एसटीडी बूथ गाठलं. तळावरचा नंबर लावला. माझ्या जागेवर तिवारी होता. तो हसला, जाळं उभं आहे, समोर हिरवा दिवा आहे म्हणाला. मी म्हटलं, दिवा बघू नको, बाहेर जाऊन बघ. रिसीव्हर कानाला धरून उभा राहिलो... परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

"राइट साइड का पट्टा खुल गया है, आधा नेट नीचे है. तुझे किसने बताया?"

नंतर कळलं — पट्टा लावून दहा मिनिटं झाली नसतील, एक विमान छत्री न उघडता आलं आणि त्याच जाळ्यात थांबलं. पायलट स्वतःच्या पायांनी उतरला.

घरी आलो तर बापू हळदच हलवत होते. मघाशी काय म्हणालात, विचारलं.

"मी कुठं बोललो? काहून असा बघून राहिला?"

उरलेले चार दिवस मी त्यांच्याकडं पाठ करून बसलो नाही.

ड्युटीवर परत जाऊन घरून आणलेली ट्रंक उघडली. कपड्यांखाली, मी न ठेवलेलं, अंबाडीच्या दोरीचं नवंकोरं मुसकं. डाव्या बाजूला एक गाठ. उजव्या बाजूला दोन.

बापू शेवटपर्यंत गावात सांगायचे, पोरगं विमानाच्या हापिसात हाय. त्यांना विचारायची हिंमत मला झाली नाही, आणि आता ते नाहीत. सायन्स शिकलो, पण याचा अर्थ अजून लागलेला नाही. मुसकं माझ्याकडं आहे. त्या दोन गाठी मी सोडलेल्या नाहीत... सोडणारही नाही.