चाकांवरचं पाणी

विभावरी कर्णिक दुबईच्या एका कन्सल्टन्सीत प्लंबिंगची ड्रॉइंग्ज करायची. टॉवरच्या तळघरातल्या टाक्या, गच्चीवरच्या टाक्या, मधले पंप, सगळं तिच्या हातचं. दोन हजार आठ सरता सरता तिचे टॉवर एकामागून एक ‘ऑन होल्ड’ गेले आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तिची नोकरीही खलास झाली. नवरा हेमचंद्र दुबईतल्याच ऊद मेथा भागातल्या शाळेत गणित शिकवायचा म्हणून निभावलं. भाडं परवडेना तेव्हा बिऱ्हाड शेजारच्या स्वस्त शारजात आलं.

तिच्या ऑस्ट्रेलियन साहेबाचंही काम सुटलं होतं. देश सोडायच्या घाईत त्यानं आपला छोटासा कॅम्पिंगचा ट्रेलर तिच्या गळ्यात घातला. “नेता येत नाही, विकायला वेळ नाही. तू घे.”

आत दोन बाकं, एक शेगडी, बेसिन आणि नळ. टाकी मात्र उन्हानं तडकलेली.

“पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या टाकू की मागे,” हेमचंद्र म्हणाला. “वाळवंटात नळ कशाला हवाय?”

“नळ आहे, तर त्याला पाणी येणार,” विभावरी म्हणाली. कित्येक महिन्यांत तिच्या आवाजाला अशी धार आली नव्हती.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात हनीफभाईंचं गॅरेज होतं. माणूस दाभोळचा, त्यामुळे मराठीत भांडायची सोय. दोघांनी मिळून स्टीलची टाकी केली आणि मागे मोकळी जागा दिसली म्हणून तिथेच बसवली. पहिलीच खेप, वजन बेताचं असावं म्हणून विभावरीनं ती अर्धीच भरली.

उन्हाळा सरल्यावर एका शुक्रवारी सकाळी तिघं अल ऐनच्या रस्त्याला लागले. गाडीनं वेग घेतला आणि मागचा ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागला. डावीकडे, उजवीकडे, मग आणखी जोरात. हेमचंद्रनं ब्रेकवर पाय न देता अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग घट्ट धरलं आणि देवाचं नाव घेत गाडी कशीबशी कडेला आणली.

“दॅट वॉज ऑसम!” मागच्या सीटवरून त्यांची मुलगी मुग्धा ओरडली. ती अकरा वर्षांची होती.

हेमचंद्रचा चेहरा पांढराफटक. “घरी. आत्ताच्या आत्ता घरी.”

विभावरी केव्हाच उतरली होती. तिनं ट्रेलर हातानं ढकलून टाकीला कान लावला. आत पाणी धप् धप् आपटत होतं.

“हेम, ऐक ना! पाणी मागेपुढे पळतंय. वजनही चाकांच्या मागे गेलंय. माझ्या टॉवरमधलं पाणी कधी प्रवासालाच निघालं नव्हतं रे!”

आपली बायको घाबरायचं सोडून हसतेय, हे पाहून हेमचंद्रलाही नाइलाजानं हसू फुटलं. टाकी तिथेच रिकामी करून ते हळूहळू परतले.

मग तिला दिवस पुरेना. टाकी चाकांच्या वर आणायची, म्हणजे बाकं हलवायची. आत भोकं पाडलेले पत्र्याचे पडदे घालायचे, म्हणजे पाणी एकदम धावणार नाही. निघताना टाकी काठोकाठ भरायची. सांडपाण्याला खाली वेगळा डबा.

“ताई, रोज नवीन चित्र आणता,” हनीफभाई कुरकुरले. “माझा वेल्डर तुम्हाला बघून लपतो.”

पण पडदे बसले त्या दिवशी सगळ्यांत उतावीळ तेच होते. टाकी मुद्दाम अर्धी भरली. विभावरी ट्रेलरमध्ये बेसिन धरून उभी राहिली आणि हनीफभाईंनी गॅरेजच्या आवारात गाडी संथपणे फिरवली.

“मारा ब्रेक!”

नुसती कुजबुज झाल्यासारखा आवाज आला. ट्रेलरला साधा हिसकाही बसला नाही.

“काय झालं?” हनीफभाई धावत आले.

“काहीच नाही झालं!” विभावरी आतून ओरडली. “हनीफभाई, काही म्हणजे काहीच नाही झालं!”

पुढच्या शुक्रवारी अल ऐनच्या पलीकडे, वाळूच्या टेकड्यांपाशी त्यांनी तळ टाकला. ट्रेलर वाटभर शहाण्या पोरासारखा मागे आला होता. विभावरीनं पंपाचं बटण दाबलं. नळ खोकला, थुंकला, आणि धार सुरू झाली.

“आई, इट्स वर्किंग!” मुग्धानं ओंजळ भरून बापाच्या अंगावर उडवली. नळ कशाला, म्हणणारे मास्तर त्याच नळाखाली तोंड धुऊन बसले. विभावरीचे डोळे भरून आले. आपल्या रेघांतून आलेलं पाणी तिनं पहिल्यांदाच हातात घेतलं होतं.

शेजारी एका अरब कुटुंबाचा तंबू होता. पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्यातले आजोबा हसण्याच्या आवाजानं आले. त्यांनी नळ उघडला, बंद केला, परत उघडला.

“ये किसने बनाया?” त्यांनी हेमचंद्रला विचारलं.

“मॅडमने.”

आजोबा तिच्याकडे वळले. “माशाल्ला! मेरा ट्रेलर में भी करो. यल्ला, कल?”

“कल नहीं, परसों,” विभावरीच्या तोंडून निघून गेलं. मग तिलाच तिचं नवल वाटलं.

रविवारी सकाळी हनीफभाईंच्या फाटकात आजोबांचा ट्रेलर आला. त्याच्यामागे त्यांच्या भावाचा, आणि त्यामागे पुतण्याचा.

“ताई, हे सगळे आपल्याकडेच?”

“मग कुणाकडे?” म्हणेपर्यंत विभावरी टेप घेऊन पहिल्या ट्रेलरखाली शिरलीसुद्धा. त्या हिवाळ्यात ती गॅरेजात रीतसर नोकरीला लागली. पुढे दर वर्षी थंडी पडून कॅम्पिंगचा मोसम सुरू झाला, की हेमचंद्र शाळा सुटल्यावर डबा घेऊन थेट तिकडेच जायचा. बायको घरी लवकर येईल, ही आशाच नसायची.