थांब, हे शेवटचं पान आहे

आमच्या भाऊजींइतका नियमाला धरून चालणारा माणूस जर्मनीतसुद्धा सापडायचा नाही, आणि हे मी जर्मनांना पुरतं ओळखून सांगतेय. भाऊजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. इथे जर्मनीत, हेर्त्सोगेनआउराख गावच्या कारखान्यात, बेअरिंगची ड्रॉइंग तपासण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे खिशात कायम लाल पेन्सिल. ती ऑफिसात राहिली असती तर देव पावला असता. पण गणपतीचं आमंत्रण मी लिहिलं की ते लालेलाल होऊन परत येणार. आमच्या लग्नाच्या अल्बमवर छापलेला 'आशिर्वाद'सुद्धा त्यांनी दीर्घ करून ठेवलाय. वेलांटी चुकली की त्यांना जेवण जात नाही, असं त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

अशा माणसाला पन्नाशी उलटल्यावर मांगाचं, म्हणजे जपानी चित्रकथांचं, वेड लागलं. कारण रेवा, त्यांची एकुलती एक लेक. पोर इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. शाळा संपल्यावर ती म्हणाली, मी बर्लिनला जाऊन चित्रकथा काढायला शिकणार. भाऊजी म्हणाले, "आल्झो, म्हणजे असं बघ, तो छंद झाला. शिक्षण कुठलं घेणार ते सांग." ती गेली ती गेलीच. आईला फोन करायची, पण वडिलांचा विषय निघाला की तिची ट्राम यायची. वर्षभर दोघांत शब्द नाही. मग एक दिवस भाऊजी तिच्या खोलीत जाऊन तिने मागे ठेवलेली पुस्तकं वाचत बसले. पोरीला ज्याने आपल्यापासून तोडलं ते आहे तरी काय, हे बघायला.

आता गंमत ऐका. मांगाची पुस्तकं जपानी पद्धतीने, उजवीकडून उघडतात. भाऊजींनी ती आपल्या पद्धतीने उघडली. त्या बाजूच्या पानावर जर्मनमध्ये ठळक लिहिलेलं असतं, 'थांबा, हे शेवटचं पान आहे', आमच्यासारख्या चुकणाऱ्यांसाठीच. भाऊजींना वाटलं, ही गोष्टीतलीच पहिली ओळ. सूचना पाळण्यात जन्म गेलेल्या माणसाने आयुष्यात एकदाच सूचना वाचून सोडून दिली आणि त्या गोष्टीचे सातही भाग उलटे वाचून काढले. वर भारावून वहिनींना सांगतात काय, तर यात मेलेली माणसं उठतात, जखमा आपोआप भरून येतात, आणि भांडणाऱ्यांचं भांडण हळूहळू निवत जाऊन शेवटी कधी झालंच नव्हतं असं होतं. माझ्या नवऱ्याने हसून हसून डोळे पुसत त्यांना योग्य बाजू दाखवली. दुसरा कुणी लाजला असता. भाऊजी म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर," आणि पहिल्यापासून वाचायला बसले.

तिथून ते जपानच्या त्या जुन्या चित्रकारापर्यंत पोचले, ज्याच्यापासून हे सगळं वळण लागलं म्हणतात. भाऊजी त्याला नुसतं 'गुरुजी' म्हणतात, जणू इयत्ता चौथीत त्याच्या हातचा मार खाल्लाय. गुरुजींनी चित्रकथेत सिनेमा आणला, एक मान वळवायला चार चौकटी दिल्या. गुरुजींची पात्रं नाटक कंपनीतल्या नटांसारखी, या गोष्टीत खलनायक तर त्या गोष्टीत मामा. टीव्हीसाठी हलती चित्रं काढायला वेळ नव्हता, तर गुरुजींनी चेहरा तसाच ठेवून नुसते ओठ हलवले, आणि पुढच्यांनी तोच धडा गिरवला. आणि डोळे! आज तिकडे कुणीही चेहरा काढला तरी डोळे गुरुजींच्याच घरातून येतात, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीचे डोळे रंगवायचं काम आम्ही विश्वासाने भाऊजींना दिलं. एका आजींनी दर्शन घेतलं आणि हळूच विचारलं, "बाप्पा दचकलाय का हो?" ऑफिसात त्यांनी एका बेअरिंगभोवती वेग दाखवणाऱ्या रेषा ओढल्या आणि मग स्वतःच त्यावर लाल पेन्सिल मारली.

पण एवढ्या गुरुपुराणात एक गोष्ट ते माझ्याकडे पुन्हा पुन्हा काढायचे. गुरुजी शिकून डॉक्टर झालेला माणूस, आणि तरी चित्रंच काढत बसला. एकदा चहा घेताना म्हणाले, "त्याच्या वडिलांनी काय केलं असेल गं?" मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊजी, हे मला काय विचारता, लेकीला विचारा. ते म्हणाले, बोलायला गेलो की माझं तपासणंच सुरू होतं.

म्हणून त्यांनी चित्रं काढली. आठ पानांची वही, चौकटी पट्टीने आखलेल्या, चौकटींत शब्द एकही नाही. आपल्या बाजूने पाहिलं तर मुलगी बॅग घेऊन घरातून निघून जाते. जपानी बाजूने पाहिलं तर तीच मुलगी घरी येते. आपल्या बाजूने उघडल्यावर लागणाऱ्या पहिल्या पानावर तेवढं मराठीत लिहिलं होतं, 'थांब, हे शेवटचं पान आहे. त्या बाजूने उघड.' रेवाचे डोळे पेढ्याएवढे, आणि स्वतःचे मात्र दोन ठिपके. हे असे का, मी विचारलं. म्हणाले, "मला कुठे काय दिसलं होतं?" मला भरून आलं, ते मी कांद्यावर ढकललं.

वही पोस्टात टाकली आणि हा माणूस दिवसातून दोनदा पत्रपेटी उघडू लागला, रविवारीसुद्धा, पोस्ट येत नाही हे पक्कं ठाऊक असताना. तिसऱ्या आठवड्यात पाकीट आलं. आत वहीतलं एकच पान. भाऊजींच्या ठिपक्यांवर रेवाने भलेमोठे, पाणीदार डोळे काढले होते, आणि खाली वाकड्यातिकड्या देवनागरीत लिहिलं होतं, 'बाबा, डोळे चुकलेत. मी शनीवारी येते.'

आली, दोन दिवस राहिली, परत गेली. तिला तिकडे शिकायचंय, ती तिकडेच राहणार, हे आता भाऊजी वाईट न वाटून घेता सांगतात, निदान तसं दाखवतात. ते पान त्यांच्या फ्रिजवर लावलंय. गेल्या खेपेला मी चहाचं दूध काढताना पाहिलं, लाल पेन्सिल तिथेच दोऱ्याला टांगलेली असते, सामानाच्या यादीसाठी. 'शनीवारी'तली वेलांटी अजून दीर्घच आहे.