आहेराचा टॉवेल

परवा लग्नात टॉवेल-टोपीचा आहेर मिळाला. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला आणि नव्वदच्या सुमाराची जळगावातली आमची गल्ली आठवली. आमच्या बंड्या कुत्र्याचं गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन झालं, पण तो पाय टेकवत नव्हता. माझे वडील, आबा, असाच एक टॉवेल त्याच्या पोटाखालून घेत आणि दोन्ही टोकं धरून, वाकून त्याला रोज चालवत.

“आबा, नवरदेवनी वरात निंघनी का?” शेजारच्या अक्का विचारत.

तिसऱ्या आठवड्यात अक्कांच्या हातात भाकरी दिसली आणि बंड्या चारही पाय टेकवत त्यांच्याकडे निघाला. रिकामा टॉवेल धरून आबा वाकलेलेच राहिले.

“अक्का, आता याच टॉवेलनं मला सरळ करा!”

आम्ही खूप हसलो. आबा थट्टा करत नव्हते, हे माझी कंबर मला आता सांगते.