रोजचं एक गोड वाक्य

आमच्या वहिनीला लोक गोड म्हणतात. म्हणोत बापडे! एका घरात चोवीस वर्षं काढली की माणूस आतून-बाहेरून कळतो, आणि माझं मत विचाराल तर ती गोड नव्हे, भित्री आहे. समोरच्याचा चेहरा जरा उतरलेला तिला बघवत नाही. मग तो उतरू नये म्हणून जे काही बोलावं लागेल ते ती बोलून मोकळी होते.

मी कारखान्यात पॅकिंग खात्यात सुपरवायझर होते. खोकं उचलल्याबरोबर सांगायचे की यात एक नग कमी आहे, आणि ज्याने भरलं त्याला बोलावून तोंडावर सांगायचे. निवृत्त होऊन दिवसभर घरात राहायला लागले, तेव्हा पुढच्या दोन खोल्यांतलं वहिनीचं पाळणाघर काय चीज आहे ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. भिंतीशी गाद्यांची चळत, खुंट्यांवर सात पिशव्या, मोरीत सात टॉवेल, स्वयंपाकघराच्या दाराला आडवी लावलेली फळी. पोरांबद्दल माझी तक्रार नाही. भूक लागली की रडतात, राग आला की चावतात, सरळ व्यवहार. डोकं उठवतात ते संध्याकाळी साडेपाचपासून दारात उगवणारे त्यांचे जन्मदाते.

एक बाप यायचा, गळ्यात टाय आणि कानाला फोन. पोरगी बगलेत मारून जिना उतरेपर्यंत त्याचा फोन संपत नसे. बदलून दुसरी पोरगी दिली असती तरी त्याला घरी गेल्यावर कळलं असतं. एक आई रोज सकाळी चिठ्ठी द्यायची: साखर नको, बिस्किट नको, दहा वाजता काकडी, चार वाजता सफरचंद, साल काढून. काकडी दिसली की तिची लेक टाहो फोडायची. आणि एकीचं नावच मी ‘पाच मिनिटं’ ठेवलं होतं. ‘काकू, पाचच मिनिटांत पोचते हं!’ म्हणून फोन करायची आणि पाऊण तासाने अवतरायची. ही सगळी शिकलेली, कमावती माणसं. यांच्यापेक्षा त्यांची पोरं शहाणी.

सुरुवातीला मीही दारात उभी राहायचे. एकदा एका आईला मी सरळ सांगितलं, ‘तुमचा मुलगा चावतो. आज दोघांना चावला. घरी कुणी चावतं का त्याला?’ बाई जी फणकाऱ्याने गेली ती गेलीच, आणि जाताना आपल्या मैत्रिणीचं पोरही काढून घेऊन गेली. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, मला बसवून समज दिली: ‘तू आत स्वयंपाकघर सांभाळ. दारात वहिनी बोलेल.’ छान! पन्नाशी उलटलेल्या बहिणीला दारात उभं राहायची बंदी. मीही ठरवलं, बरं तर बरं. मरा तिकडे. आता दारात काही का होईना, माझ्या तोंडून शब्द निघणार नाही.

त्यानंतर वहिनी एका दिवसाच्या शिबिराला गेली. पालकांशी नातं कसं जोडावं, असा विषय. इस्त्रीची साडी नेसलेल्या एका बाईंनी पडद्यावर चित्रं दाखवून या बायकांना सांगितलं की पालक म्हणजे आपले भागीदार. (भागीदार! रात्रभर भिजवलेले लंगोट आपल्याकडे धुवायला पाठवणारे भागीदार.) आणि मुलाला परत देताना रोज एक तरी गोड गोष्ट सांगा, म्हणजे आईबाप दिवसाचा शीण विसरतात. वहिनीने ते वहीत लिहून आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुकान सुरू.

‘आज हिने सगळी काकडी संपवली.’ काकडी कपाटाखाली होती, मी स्वतः झाडूने काढली. ‘आज याने स्वतःहून खेळणं दिलं दुसऱ्याला.’ दिलं खरं, डोक्यात हाणून. आईबापांचे चेहरे असे खुलायचे की बघत राहावं. टायवाला तर एकदा फोन खाली घेऊन ‘अरे वा!’ म्हणाला. मी आत बसून हे ऐकायचे आणि कपाळावर हात मारून घ्यायचे. अक्कल गहाण ठेवलेली माणसं नुसती! पण पाळणाघर भरलं. पाचाची नऊ पोरं झाली आणि दादा मला म्हणाला, ‘बघितलंस? याला म्हणतात बोलणं.’

या नवांतला एक ढब्बू. नाव मीच ठेवलेलं, कारण गाल फुगलेले आणि चाल बदकाची. त्याची आई पार्लरमध्ये कामाला. सकाळी नवापासून उभ्याने लोकांचे केस कापायची, घरी दोघंच, नवऱ्याचा पत्ता नाही. संध्याकाळी यायची तेव्हा पाय सुजलेले असायचे आणि हाताला शाम्पूचा वास. चिठ्ठी नाही, फोन नाही, उशीर नाही. तिला नावं ठेवायला मला जरा विचार करावा लागायचा. मग मी म्हणायचे, बावळट आहे.

ढब्बू वर्षाचा झाला, सव्वा वर्षाचा झाला, बोलेना. एके संध्याकाळी आईने दारात विचारलं, ‘काकू, काही बोलतो का हो हा तुमच्याकडे? घरी तर अगदी गप्प.’ विचारताना तिचा चेहरा उतरलेला असणार, कारण वहिनी लगेच म्हणाली, ‘अहो, आज मम्मा म्हणाला की! दुपारी. दाराकडे बघून.’

मग ती बाई रडते आहे असं मला ऐकू आलं.

झालं. दुसऱ्या दिवशी तिचा पहिला प्रश्न, ‘आज म्हणाला?’ आता माघार कशी घेणार? ‘हो, दोनदा.’ पुढच्या आठवड्यात ‘बाय’ आला, मग ‘दे’ आला. पोराच्या तोंडून अक्षर नाही आणि वहिनी एकेक शब्द त्याच्या नावावर जमा करते आहे. मी एकदा म्हटलं, ‘आता एखादी कविता म्हणव त्याच्याकडून.’ तर मला म्हणते, ‘ताई, कुठल्याही दिवशी बोलायला लागेल तो. तोपर्यंत तिला जरा बरं वाटलं तर काय बिघडलं?’

काय बिघडलं ते एका शनिवारी कळलं. ढब्बूची आई मोठं बिस्किटांचं खोकं घेऊन आली. दीड वर्षाची तपासणी होती, तिथून थेट आली होती. खूश. ‘काकू, तुमच्यामुळे वाचले बाई! डॉक्टर म्हणत होते, बोलत नसेल तर कान तपासून घेऊ. मी म्हटलं, छे हो, पाळणाघरात तीन शब्द बोलतो, घरीच आळशीपणा करतो. मग त्यांनी नाही लिहिली ती तपासणी. म्हणाले, सहा महिन्यांनी या.’

वहिनी खोकं घेऊन आत आली आणि ओट्यावर ठेवायचं विसरून तशीच उभी राहिली. ढब्बूला घेऊन आई गेली होती, त्यामुळे त्या दिवशी काही करता येईना. सोमवारी सकाळी तो आला तसं तिने त्याला ठोकळ्यांपाशी बसवलं, मागे गेली आणि जोरात टाळी वाजवली. बाकीची पोरं दचकली. मग ताट आपटलं. मग त्याच्या नावाने ओरडली, घसा फाटेस्तोवर. ढब्बू ठोकळ्यावर ठोकळा ठेवत होता.

‘ताई,’ ती म्हणाली, ‘याला ऐकू येत नाहीये.’

‘माहितेय मला,’ मी म्हटलं.

माहीत होतंच. चार महिन्यांपूर्वी स्वयंपाकघराच्या दारातल्या फळीवरून रिकामा पत्र्याचा डबा पडला होता, ढब्बूच्या अगदी मागे. आठ पोरांनी घर डोक्यावर घेतलं आणि या पठ्ठ्याने मानसुद्धा वळवली नाही. मी फळीच्या अलीकडे उभी होते, सगळं बघितलं. नंतर दोन-चार वेळा मुद्दाम पळी वाजवूनही बघितली. आणि गप्प बसले. मला बंदी होती ना दारात बोलायची! भोगा आता, म्हटलं. खोटं सांगणारी सांगते आहे, ऐकणारी ऐकते आहे, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक आहे, याची मला आतून गंमत वाटत होती. लपवत कशाला, वाटत होती.

वहिनीने ‘केव्हापासून’ असं विचारलं नाही. दुपारी दादा जेवायला आला तेव्हा त्याने तोडगा काढला: ‘सहज सुचव ना, एकदा कान दाखवून घ्या म्हणून. खोटं बोललीस हे कशाला ओकायचं? एकीला कळलं की नऊ जणांना कळेल. बंद पडेल सगळं.’

‘नुसतं सुचवलं तर ती म्हणेल, तुमच्याकडे तर बोलतो,’ वहिनी म्हणाली. ‘मग मी काय सांगू?’

दादा हात धुवायला उठला. मी म्हटलं, ‘आता सुचतंय शहाणपण.’ तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला खात्री होती, ही भित्री बाई सांगणार नाही. संध्याकाळी फळीशी उभी राहून मी मजा बघायला तयार होते. दारात टायवाला, काकडीवाली आणि ‘पाच मिनिटं’, त्या दिवशी नेमकी वेळेवर आलेली. ढब्बूची आई जिना चढून आली. वहिनीने त्याला कडेवर घेतलं होतं, पण दिलं नाही. म्हणाली, ‘मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो काहीच बोललेला नाही. मम्मा नाही, बाय नाही, काही नाही. त्याला ऐकू येत नाही असं मला वाटतं. उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा आणि सांगा, काकू खोटं बोलली.’

‘मम्मा म्हणाला नाही?’ तिने विचारलं.

‘नाही.’

‘एकदाही नाही?’

‘एकदाही नाही हो.’

तिने पोराला घेतलं, पिशवी घेतली आणि एकेक पायरी उतरत गेली. बाकीची मंडळी तोंडं वासून. टायवाला ‘हे फार गंभीर आहे’ म्हणाला आणि लगेच ‘हॅलो’ म्हणाला. काकडीवालीने घसा साफ केला. ‘काकू, मग आमची खरंच काकडी खाते ना?’ एका आईचं जग तिच्या डोळ्यांदेखत कोसळलं होतं आणि हिला काकडी! मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. वहिनी शांतपणे म्हणाली, ‘नाही. फेकते.’ आठवडा संपायच्या आत नवाची चार पोरं उरली. मजा येईल असं मला वाटलं होतं. आली नाही.

पंधरा दिवसांनी, सुट्टीच्या सकाळी, ढब्बूची आई दारात. मी मटाराच्या शेंगा सोलत पुढच्याच खोलीत बसले होते. ढब्बूला खाली ठेवून ती खुर्चीच्या कडेवर टेकली. पाणी नको म्हणाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. यंत्र लावून बघणार आहेत, त्याने भागलं नाही तर ऑपरेशन. जेवढं लवकर कळेल तेवढं बरं असतं, डॉक्टर म्हणाले. हे सगळं तिने बातम्या वाचल्यासारखं सांगितलं. मग तिने पिशवीतून एक फॉर्म काढला. ‘मोठ्या दवाखान्यात द्यायचाय. पहिल्यांदा कधी लक्षात आलं आणि कोणाच्या, ते लिहायचंय. दिवसभर तो इथेच असायचा, म्हणून आले. आणि या वेळी खरं सांगा.’

वहिनीची मान खाली. ‘पंधरा दिवसांपूर्वी,’ ती म्हणाली. ‘त्या सोमवारी. मी टाळी वाजवली तेव्हा.’

तिच्या परीने ते खरंच होतं. ढब्बूची आई लिहायला लागली. मला कुणी काही विचारलेलं नव्हतं, आणि गप्प बसले असते तर जन्मात कुणाला कळलं नसतं.

‘ते खोडा,’ मी म्हटलं. ‘साडेचार महिने झाले. माझ्या लक्षात आलं होतं. त्याच्या मागे डबा पडला आणि त्याने वळून बघितलं नाही.’

दोघींनीही माझ्याकडे बघितलं. पार्लरवालीने मला शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट बघत होते. कारखान्यात शंभर जणांच्या ऐकल्या आहेत, हिच्याही ऐकल्या असत्या. तिने आधीची ओळ खोडली.

‘तुमचं मुलाशी नातं काय लिहू?’

मी शेंग हातात धरून बसले.

‘मावशी लिहा,’ शेवटी वहिनीच म्हणाली. ‘सगळी पोरं हिला मावशी म्हणतात.’

‘हा नाही म्हणत,’ ती म्हणाली, आणि तिने मावशी लिहिलं.