गोठा न दिसणारी सकाळ

आमच्याकडे वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. बसल्या बसल्या कळतं, आज कुणाकडे जायचं. आणि कॅलेंडरवर नाव असूनही केक खायला न जाणं म्हणजे उघड वैर. म्हणून वित्स्के आणि तिचा शेजारी डौवे यांनी एकमेकांची नावंच खोडून टाकली होती.

कारण गोठा. वित्स्केने जन्मभर गावात टपाल वाटलं. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून लहानपणापासून डोकी छाटलेल्या वाळुंजाच्या झाडांची रांग दिसायची. डौवेने मध्येच पत्र्याचा भलामोठा गोठा बांधला. झालं, बोलणं बंद. तेव्हापासून ती भल्या पहाटे कुरणापलीकडच्या बांधावर जाते आणि फक्त धुक्यातच फोटो काढते. तिथून वाळुंजं पुढे दिसतात आणि मागचा गोठा धुक्यात गडप होतो. मैत्रीण असले तरी सांगते, बाई महाहट्टी.

यंदा गावाची समिती गावकऱ्यांच्या फोटोंचं नवं कॅलेंडर काढणार होती. "जानेवारीच्या पानावर माझी वाळुंजं हवीत," ती म्हणाली. "डौवेच्या संडासातसुद्धा. बसू दे रोज बघत!"

फोटो द्यायची मुदत संपायच्या दिवशीच धुकं पडलं. मी कॉफीचा थर्मास घेऊन तिच्याबरोबर गेले. रात्रभर दव गोठून कुरण पांढरंशुभ्र झालं होतं, एक पाऊल उमटलेलं नव्हतं. वाळुंजं जणू हवेत उभी होती. गोठ्याचा पत्ता नव्हता. इतकी सुंदर सकाळ मी तरी पाहिली नव्हती.

तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. कुरणाच्या मधोमध एक मेंढी उताणी पडली होती, चारही पाय वर. अशी मेंढी आपणहून उठत नाही, पोट फुगून मरते.

"डौवेची आहे," मी म्हटलं.

"मेंढीला माहीत आहे का ते?" ती खेकसली.

"अगं, पण पावलं उमटतील. धुकंही विरायला लागलंय."

एक सणसणीत शिवी हासडून ती कुंपण ओलांडून गेली. मेंढीला पालथं केलं आणि तिचे पाय ठरेपर्यंत गुडघ्यांत धरून उभी राहिली. ती परत आली तेव्हा पांढऱ्या कुरणावर जाऊन-येऊन काळ्या पावलांची रेघ उमटली होती. गोठ्याचा एक कोपरा धुक्यातून डोकावायच्या आत तिने कसाबसा एक फोटो काढला. "दे तुझ्या समितीला," म्हणाली, "वाटोळं झालंय त्याचं."

समितीत मी होते, आणि डौवेही. कुणीतरी म्हणालं, पावलं कॉम्प्युटरवर पुसता येतील. डौवे बराच वेळ फोटो बघत राहिला. कुंपणापासून त्याच्या मेंढीपर्यंत गेलेली आणि परतलेली पावलं.

"कुणाची ही?" त्याने मला विचारलं. मी सांगितलं.

"पुसायची नाहीत," तो म्हणाला.

वित्स्केचा वाढदिवस जानेवारीतच येतो. जानेवारीच्या पानावर पावलांसकट तिचा फोटो असलेलं नवं कॅलेंडर घरोघरी लागलं आणि तिच्या वाढदिवसाला डौवे दारात उभा राहिला, हातात कांद्याएवढ्या कंदाचं हायसिंथचं फुलझाड घेऊन. तिने त्याला स्वयंपाकघरात, स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. समोर नुसता पत्रा.

"इथून दुसरं काहीच दिसत नाही गं," तो हळूच म्हणाला.

"नाही," वित्स्के म्हणाली. "केक घे."