तुळजाबाईंची खातरजमा

तुळजाबाई सकपाळांचा जगावर विश्वास नव्हता असं नाही. जगानं आधी जरा थांबून त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत, एवढंच त्यांचं म्हणणं. पोलादपूरच्या बाजारात वास घेतल्याशिवाय त्यांनी कधी बोंबील उचलला नाही. दात काढायला गेल्या तेव्हा आधी डॉक्टरलाच तोंड उघडायला लावलं. स्वतःचे दात कसे ठेवलेत ते बघायला. मुलाचं, सुनीलचं लग्न जमवताना त्या न सांगता मुलीकडे जाऊन थडकल्या, आणि निशाला गोठ्यात शेण भरताना पाहून खूश होऊन उमरठजवळच्या आपल्या वाडीत परतल्या. निशा मात्र ते शेणाचे हात आठवून अजून लाजते.

निशा वाडीतल्या अंगणवाडीत सेविका. शिक्षण बारावी. तिला मुख्यसेविका व्हायचं होतं आणि त्याला पदवी लागते. रोज महाडच्या कॉलेजात जायचं तर अंगणवाडी कोण सांभाळणार? शिमग्याला सुनील मुंबईहून आला तो एक गुळगुळीत पुस्तिका घेऊनच.

"घरबसल्या बी.ए. एका वर्षात. एक्झाम पण नाय. टेन्शनच नाय!"

पुस्तिकेवर सोनेरी शिक्के ओळीनं चमकत होते. तुळजाबाईंनी एकावर नख घासून पाहिलं.

"ह्यो कुणाचा रे?"

"जागतिक मान्यता परिषदेचा. इंटरनॅशनल हाय, आई."

"आन त्या परिषदेला कुणी मान्यता दिली?"

सुनीलनं कपाळाला हात लावला. "तू ना आई, सबपे शक करती है!"

खरं सांगायचं तर निशा त्या शिक्क्यांवर भाळलीच होती. एका वर्षात पदवी, तीही परीक्षेशिवाय! सुनील मुंबईला परतला आणि ती प्रवेश घ्यायला महाडला निघाली. तुळजाबाई न विचारता एसटीत तिच्या शेजारी येऊन बसल्या. निशा वाटेत विनवत राहिली, "आई, तिथं जास्त काय विचारू नका हां." तुळजाबाईंनी मान डोलावली. कशाला ते कळलं नाही.

ऑफिस डेपोजवळ एका दुकानाच्या माडीवर होतं. टाय लावलेल्या साहेबांनी खुर्च्या दिल्या. आतल्या पडद्यामागून एक मुलगी आली आणि चहा ठेवून परत आत गेली. साहेब मान्यतेबद्दल इतकं गोड बोलले की निशानं पेन काढलंसुद्धा.

"परिषदेचा फोन हाय का वो?" तुळजाबाईंनी बशीत चहा ओतत विचारलं.

"पुस्तिकेवर छापलाय की, आजी. कधीही खात्री करा."

"मंग आताच करूया. लाव गो निशा."

शरमेनं अर्धमेली झालेल्या निशानं नंबर लावला. पडद्यामागे घंटी वाजली. "हॅलो, जागतिक मान्यता परिषद," तीच मुलगी म्हणाली. निशाला ते एका कानानं फोनमधून ऐकू आलं आणि दुसऱ्या कानानं पडद्यातून.

साहेब टायशी चाळा करू लागले. "त्यांची... शाखा इथंच आहे."

"म्हंजे सोयरीकही तुमचीच आन चौकशीला मानूसही तुमचाच," तुळजाबाई म्हणाल्या, उरलेला चहा संपवला आणि उठल्या.

जिन्याखाली निशाला रडू कोसळलं. फसवणूक टळली याचा आनंद नंतर झाला. आधी पदवी गेल्याचंच दुःख होतं. तुळजाबाईंना सुनेचं रडणं बघवेना. "आगो, एक खोटं निघालं म्हणून सगळीच खोटी नसतील," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून निशा रडायचीच थांबली.

दोघी तशाच महाडच्या कॉलेजात गेल्या. तिथं मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं. तिथल्या सरिता मॅडमनी संगणकावर विद्यापीठ अनुदान आयोगाची यादी उघडली. विद्यापीठाचं नाव, बी.ए. हा अभ्यासक्रम आणि चालू वर्ष, तिन्ही तिथं दिसायला हवीत, हे निशाला समजावलं. "बाहेरच्या कुठल्या परिषदेचा शिक्का या मान्यतेच्या जागी चालत नाही."

"ही यादी खरी कशावरनं?" तुळजाबाई.

निशानं डोळे मिटले. मॅडम मात्र हसल्या. "चांगलं विचारलंत. आयोगाचा पत्ता आपण स्वतः शोधून उघडायचा. विद्यापीठानं दिलेली लिंक दाबायची नाही."

"आन परीक्षा?"

"केंद्रावर येऊन द्यावी लागते. तीन वर्षं."

"नापास करतात?"

"करतात की."

तुळजाबाईंचा चेहरा फुलला. "नाव घाल गो निशा!"

पहिल्या वर्षी निशा अर्थशास्त्रात नापास झाली. दोन दिवस तिनं वाडीत कुणाला तोंड दाखवलं नाही. पण विहिरीवर तुळजाबाई बायकांना सांगत होत्या, "आमची निशा नापास झाली! लय कडक विद्यापीठ हाय." सुनीलनं फोनवरून कुरकुर केली, तेव्हा त्याला ऐकवलं, "तुझ्यावाल्यात नापास होऊन दाखव बघू."

मग त्यांनी दुपारची भाकरी स्वतःकडे घेतली आणि निशाला पुस्तकासह माळ्यावर धाडलं. ती खरंच वाचते की झोपते हे बघायला मात्र त्या मधूनमधून शिडी चढत. दोनदा ती झोपलेलीच सापडली. तेव्हा तिच्या अंगावर गोधडी टाकून त्या आवाज न करता उतरल्या. पुढच्या खेपेला अर्थशास्त्र सुटलं. आता निशा तिसऱ्या वर्षाला आहे, आणि माळ्यावर वारा खेळावा म्हणून तुळजाबाईंनी भिंतीतले दोन चिरे काढून तिथं जाळी बसवून घेतली आहे.